अण्णांचा डावा हात, डाव्या कानात

ज्या वर्षी आमच्या राज्याचे दोन तुकडे झाले, त्या उन्हाळ्यात माझ्याकडे दोन कामं होती. ऑफिसात खुर्च्या वाटायच्या आणि घरी अण्णांची ढोलकी रेकॉर्ड करायची. पहिल्या कामाचा पगार मिळत होता. दुसरं मी आपणहून अंगावर घेतलं होतं आणि गोंधळ त्यातच झाला.

आधी ऑफिसचं सांगते, कारण माझ्या चुकीचं मूळ तिथे आहे. मी राज्य सरकारच्या एका खात्यात अधीक्षक होते. जूनमध्ये एका खात्याची दोन खाती होणार होती, म्हणून मार्चपासून आमच्या मजल्यावरच्या प्रत्येक वस्तूपुढे ती कोणाकडे जाणार हे लिहायचं होतं. फायली, कपाटं, टेबलं, पंखे, पाण्याचा कूलर, रबरी शिक्के, शिक्क्यांची शाई. याद्या करणं हा माझा लहानपणापासूनचा रोग, त्यामुळे हे काम फिरत फिरत माझ्याच टेबलावर येणार होतं. मी दोन रंगांच्या चिठ्ठ्या आणल्या. पिवळी म्हणजे तिकडे, आंध्रात. गुलाबी म्हणजे इकडे, तेलंगणात. वरच्या साहेबांनी ‘दोघांचं’ असा एक तिसरा रकाना सुचवला होता. तो मी पहिल्याच आठवड्यात काढून टाकला. असा रकाना ठेवला की लोक सगळंच त्यात टाकतात आणि माझ्या टेबलाभोवती भांडत बसतात.

आमचा शिपाई वीस वर्षांचा जुना. चिठ्ठ्या चिकटवायचं काम त्याच्याकडे होतं.

“मॅडम, ये घडियाल कू कौनसी चिट्ठी लगाऊं?”

“गुलाबी.”

“बंद है, मॅडम.”

“तो फिर पिवळी.”

त्याने पिवळी चिठ्ठी लावली आणि माझ्याकडे असं पाहिलं, की जणू हिला राज्यच चालवायला द्यायला हवं होतं.

सांगायचा मुद्दा, त्या दिवसांत मला जगातली कुठलीही वस्तू दिसली की ती डावीकडची की उजवीकडची एवढाच प्रश्न पडत होता. मधलं काही असतं यावर माझा विश्वास उरला नव्हता.

आता अण्णा. अण्णा म्हणजे माझे वडील. रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते, निवृत्त झाल्यापासून हैदराबादेत नल्लकुंट्याला माझ्या घरी राहत होते. मराठवाड्यातून विशीत इकडे आले ते एक पत्र्याची पेटी आणि एक ढोलकी घेऊन. पेटी कधीच गंजून गेली. आमच्या विहारात एप्रिलातल्या जयंतीला गाण्यांचा कार्यक्रम होतो, त्यात ढोलकीवर अण्णाच असायचे. गायक बदलले, हार्मोनियमवाले बदलले, एक बासरीवाला लग्न करून नांदेडला गेला. ढोलकीवर अण्णाच.

मग दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. हलका होता, पण डावा हात गेला. डॉक्टरांनी दाबायला स्पंजचा चेंडू दिला. अण्णांना तो पोरकट वाटला. त्यांनी त्याऐवजी ज्वारीचं पीठ मळायला घेतलं, रोज दोन्ही वेळचं, डाव्या हाताने. आठ महिन्यांत हात परत आला आणि आमच्या घरच्या भाकरी सुधारल्या. माझ्या नवऱ्याने तर उघड सांगितलं, की हात पूर्ण बरा झाला तरी मळणं थांबवू नका.

हात परत आला, पण विहारातली जागा परत आली नाही. झटक्यानंतरच्या जयंतीला समितीने अण्णांना पहिल्या रांगेत बसवलं, शाल दिली, फुलं दिली, टाळ्या वाजवल्या. घरी येऊन अण्णांनी शाल दोरीवर टाकली आणि म्हणाले, “सत्कार केला म्हंजे उठवलं.”

या वर्षी मार्चच्या मध्याला समितीचा सचिव घरी आला. चाळिशीचा, बँकेत नोकरीला, आमच्याच गावाकडचा, त्यामुळे अण्णांना मामा म्हणतो. लहानपणी त्याला ढोलकी शिकवायला अण्णांनीच घेतलं होतं. जमली नाही म्हणून तो सचिव झाला, असं अण्णांचं मत आहे.

“मामा, यंदा ऑक्टोपॅडवाला सांगितलाय,” तो म्हणाला. ऑक्टोपॅड म्हणजे काठ्यांनी वाजवायचा विजेचा डबा. “तुम्ही पुढं निवांत बसा.”

“निवांत मेल्यावर बसीन. आता वाजवतो.”

“हाताचं काय पण?”

“हात हाय की.” अण्णांनी डावा हात वर केला, चौकातल्या पोलिसासारखा.

“तसं नाही मामा. गाणं चालू असताना मधीच हात राहिला तर? लोकं मला बोलतील. समितीत पाच माणसं हायती, मी एकटा नाही.” मग त्याला सुटका सापडली. “असं करा, एक रेकॉर्डिंग पाठवा. समिती ऐकंल आणि ठरवंल.”

तो गेल्यावर अण्णांनी दार लावलं. “माझी परीक्षा,” ते म्हणाले. “आन् घेणार कोण, तर ज्याला साधा ठेका धरता येईना.”

ते हसत होते, पण रात्री जेवताना त्यांनी डाव्या हाताने ताटाच्या कडेवर बोटं वाजवली ती थांबेनात. तेव्हा मी वही काढली. अण्णा यंदा विहारात वाजवणार की पहिल्या रांगेत बसणार, हे त्या रेकॉर्डिंगवर ठरणार होतं. मग ते मोबाईल समोर धरून करायचं कशाला? नीट करायचं.

कोटी बाजारातल्या इलेक्ट्रॉनिकच्या गल्लीतून मी दोन माइक आणले आणि माइकचा आवाज कॉम्प्युटरात नेणारा एक लहान डबा. दुकानदाराने विचारलं, “गाती क्या, आपा?” मी म्हटलं, याद्या करती. त्याने पुढे काही विचारलं नाही. आवाजाचं सॉफ्टवेअर फुकटातलं घेतलं. कसं वापरायचं ते एका परदेशी दाढीवाल्याच्या व्हिडिओंवरून शिकले. त्याच्या ड्रमला आठ माइक होते आणि ड्रम एवढे होते की आमच्या हॉलमध्ये ठेवले असते तर आम्हाला बाहेर जिन्यात राहावं लागलं असतं. अण्णांच्या ढोलकीला तोंडं दोनच. उजव्या हाताला बारीक तोंड, त्याची कडक, टणक चाट. डाव्या हाताला मोठं तोंड, त्याचा घुमारा. एका तोंडाला एक माइक, हिशोब संपला.

रविवारी सकाळी हॉलची तयारी केली. पंखा बंद. खिडक्यांवर गोधड्या. दाराखाली टॉवेल. मार्चअखेरचं हैदराबाद आणि पंखा बंद, याचा अर्थ ज्यांना कळतो त्यांना कळेल. अण्णा बनियनवर बसले, पान्याने ढोलकीचे नट आवळले, आजूबाजूला पाहिलं आणि म्हणाले, “बाळंतिणीच्या खोलीत बसवलंस मला.”

पहिला टेक कुकरच्या शिट्टीने गेला, तो माझा दोष. दुसरा प्रचाराच्या रिक्षाने घालवला, कारण तेव्हाच निवडणूकही होती. तिसऱ्यातही रिक्षाच, त्याच पक्षाची, त्याच खड्ड्यात तशीच आदळून गेली. चौथ्यात अण्णांना ठसका लागला. पाचवा फार चांगला चालला होता आणि वीज गेली. सगळं वहीत नोंदवलेलं आहे. पुढच्या रविवारी सहावा टेक मिळाला, सलग सात मिनिटं, संथ गाण्याचा ठेका आणि त्याला जोडून चढ्या गाण्याचा. अण्णा वाजवताना ओठांतल्या ओठांत ओळी म्हणतात, त्याही ऐकू येतात. त्या मी राहू दिल्या.

आता जोडकाम. सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक माइकच्या आवाजापुढे एक आडवी पट्टी असते. पट्टीवरचं बटण डावीकडे ओढलं की तो आवाज डाव्या कानात जातो, उजवीकडे ओढलं की उजव्या, मध्ये ठेवलं की दोन्ही कानांत सारखा. मला हे बघून इतका आनंद झाला की काय सांगू. कोणीतरी माझ्यासाठीच बनवलं होतं. पिवळी, गुलाबी.

पण आधी एक शंका होती.

“अण्णा, डावं कोणाचं धरायचं? वाजवणाऱ्याचं की ऐकणाऱ्याचं?”

“म्हंजे?”

“तुम्ही लोकांकडे तोंड करून बसलात की तुमचा डावा हात त्यांना उजवीकडे दिसतो.”

“लोकांना दिसायचं ते दिसू दे. हात माझा हाय.”

तो प्रश्न मिटला. दुसरा प्रश्न असा, की बटण किती ओढायचं. दाढीवाला म्हणत होता की तालवाद्यं पार टोकाला नेऊ नका, थोडीशी इकडे, थोडीशी तिकडे, आणि खर्जाचा भरदार आवाज शक्यतो मध्येच ठेवा, म्हणजे कुठेही बसलेल्या माणसाला तो मिळतो. हे मी शब्दन् शब्द वहीत उतरवून घेतलं होतं. त्यापुढे माझ्याच अक्षरात शेरा आहे: ‘गुळमुळीत.’

मी घुमारा डाव्या टोकाला नेला. चाट उजव्या टोकाला. मध्ये काही ठेवलं नाही.

हेडफोन लावून ऐकलं तर असं वाटलं की मी ढोलकीच्या आत बसले आहे आणि माझ्या एका बाजूला अण्णांचा एक हात आहे आणि दुसऱ्या बाजूला दुसरा. एकेक बोट मोजता येत होतं. डाव्या तळव्याने कातडं घासत ते घुमारा वर चढवतात, ते घासणंसुद्धा डाव्या कानाच्या पाळीवर झाल्यासारखं. मी अण्णांना हेडफोन दिला. त्यांनी डोळे मिटून एकदा ऐकलं, परत लावायला सांगितलं, आणि दुसऱ्यांदा ऐकून झाल्यावर हेडफोन माझ्या हातात दिला.

“चांगलं ठेवलंस,” म्हणाले. एवढंच. मला वाटलं, रेकॉर्डिंगबद्दल बोलतात.

मी ते सचिवाच्या मोबाईलवर पाठवलं. वहीत त्या कामापुढे बरोबरची खूण केली.

समितीची बैठक गुरुवारी संध्याकाळी होती. शुक्रवारी मी ऑफिसातून आले तर हॉलमध्ये महिला मंडळाच्या दोन बाया बसलेल्या. पुढ्यात मोसंब्यांची पिशवी. समोर अण्णा, मांडीवर ढोलकी, हातात पाना. दोघींचे चेहरे असे, की मी दारातच पर्स खाली ठेवली.

“आता कसं हाय भाऊ?” थोरलीने विचारलं.

“कुणाचं?”

“तुमचंच की. दुसऱ्या अंगावरून बी गेलं म्हणतेत.”

“काय गेलं?”

“वारं,” धाकटी हळू आवाजात म्हणाली.

अण्णांनी आधी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं, मग डाव्या. “मला कुणी सांगितलं न्हाई,” ते म्हणाले.

“डॉक्टर काय म्हणले?”

“डॉक्टरला बी म्हाईत नसंल. तुम्हीच पयल्या.”

थोरली पान्याकडे बघत होती. जरा विचार करून ती म्हणाली, “पाना धरता येतो, म्हंजे बरंच हाय म्हणायचं.”

मी चहा केला. त्यांनी घेतला. खरं काय ते सांगितलं तरी त्यांचा विश्वास बसला नाही. घरचे लपवतात हे त्यांना अनुभवाने ठाऊक होतं. जाताना त्यांनी मला जिन्यात बाजूला घेऊन रात्री उशाला पाणी ठेवायला सांगितलं. मोसंबी परत नेता का, असं अण्णांनी विचारलं, तेव्हा त्या नको म्हणाल्या.

मी सचिवाला फोन लावला.

“ताई, मीच करणार होतो,” तो म्हणाला. त्याचा आवाज पडलेला. “खरं सांगा. मामांचा कोणता हात चालतोय?”

“दोन्ही.”

“तसं नाही वाटलं ऐकून.”

मग त्याने जे सांगितलं ते असं. बैठक सुरू झाली आणि विहारातली वीज गेली. स्पीकर बंद. मोबाईलचा आवाज बारीक, बाहेर वरातीचा बँड. म्हणून त्याने कानात घालायच्या वायरी लावल्या. एक बोंडी अध्यक्षांच्या कानात, एक त्याच्या.

“माझ्या कानात नुसतं धुम, धुम,” तो म्हणाला. “मी म्हटलं, मामांचा आता उजवा हात गेला. अध्यक्ष म्हणाले, येडा झाला का, उजवाच तेवढा चालू हाय, डाव्याचा पत्ता नाही. मी म्हटलं, डावाच वाजतोय. ते म्हणाले, मी चाळीस वर्षं ढोलकी ऐकतोय. ताई, हमरीतुमरीवर आलं हो.”

“मग बोंड्या बदलून बघायच्या.”

“दुसऱ्याच्या कानातलं आपल्या कानात कोण घालतं?”

“आणि बाकीचे तिघं?”

“त्यांनी ऐकलंच नाही. आमचं भांडण मिटवायला त्यांनी दोघांचंही मत लिहून घेतलं. इतिवृत्तात तसंच हाय.”

“काय आहे?”

“दोन्ही हात गेले.”

मी सरकारी नोकरीत आयुष्य काढलं आहे. अशी इतिवृत्तं मी स्वतः लिहिली आहेत. तरी फोन ठेवून मी जिन्यात जाऊन हसून आले. मग कॉम्प्युटर लावला, कारण दुरुस्ती सोपी होती. दोन्ही बटणं मध्ये आणायची, परत पाठवायचं. पाच मिनिटांचं काम. वहीत तसं लिहिलंही.

बटणं मध्ये आणली आणि ऐकलं.

संथ गाणं ठीक होतं. म्हणजे मला ठीक वाटलं. काहीतरी किंचित सैल होतं, पण ते गोड लागत होतं. मग चढं गाणं सुरू झालं आणि माझा हात माउसवर तसाच राहिला. चाट पडत होती आणि घुमारा तिच्या मागून येत होता. फार नाही. अंधारात जिना उतरताना एक पायरी जास्त आहे असं वाटून पाय हवेत पडतो, तेवढंच. पण प्रत्येक आवर्तनात. डावा हात परत आला होता, पण वेळेवर येत नव्हता.

आधीच्या रेकॉर्डिंगमध्ये हे मला ऐकू आलं नव्हतं. कसं येणार? मी दोन हात दोन राज्यांत पाठवले होते. प्रत्येक हात आपापल्या कानात व्यवस्थित होता.

स्क्रीनवर दोन्ही आवाजांच्या रेषा एकाखाली एक दिसतात. मी फूटपट्टी घेऊन मोजलं. अंतर जवळपास सगळीकडे सारखंच होतं. आणि सॉफ्टवेअरमध्ये असंही एक बटण असतं, की एक अख्खी रेष धरून थोडी पुढे ओढता येते. मी घुमारा तेवढाच पुढे ओढला. परत ऐकलं. अण्णा पन्नाशीचे झाले होते. चढं गाणं असं पळत होतं की माझा पाय आपोआप टेबलाखाली आपटू लागला. हे समितीला पाठवलं तर अध्यक्ष, सचिव आणि बाकीचे तिघं घरी येऊन माफी मागतील आणि ऑक्टोपॅडवाल्याला त्याच दिवशी नको म्हणून कळवतील. मी अण्णांना हाक मारली. बक्षीस घ्यायला बोलावतात तशी.

अण्णांनी हेडफोन लावला. पाऊण मिनिट ऐकलं. काढून टेबलावर ठेवला.

“कोण हाय हा?”

“तुम्हीच.”

“चांगला वाजवतो,” ते म्हणाले. “पर मी न्हाई.”

खोटं बोलायचं तर त्याच क्षणी बोलावं लागतं आणि तो क्षण मी घालवला. “डावा हात जरा पुढे सरकवलाय,” मी म्हणाले.

“किती?”

मी चिमटीने दाखवलं. त्यांनी त्या चिमटीकडे नीट पाहिलं, एखाद्या नटाचं माप बघावं तसं.

“आधी केलं त्यात न्हाई सरकवला?”

“त्यात दोन्ही हात लांब लांब होते. म्हणून कळत नव्हतं.”

“मला कळत होतं,” अण्णा म्हणाले. “माझाच हात हाय. मला वाटलं, तू मुद्दाम लांब ठेवलास. लेकीनं झाकलं, म्हणून गप बसलो.”

मी काही झाकलं नव्हतं. मला ऐकूच आलं नव्हतं. हे त्यांना सांगायला मला वरण शिजेपर्यंतचा वेळ लागला, कारण झाकणारी लेक त्यांना आवडली होती, हे दिसत होतं. शेवटी स्वयंपाकघरातूनच सांगितलं, त्यांच्याकडे पाठ करून.  मग अण्णा हसायला लागले ते ठसका लागेपर्यंत हसले.

“मंग तू बी त्या समितीतच जा,” म्हणाले.

जेवताना आमचा वाद झाला. माझं म्हणणं साधं होतं. सरकवलेलं पाठवलं तर जागा पक्की. खरं पाठवलं तर शाल.

“आन् जयंतीच्या दिवशी?” अण्णा म्हणाले. “तिथं बी तू मागं बसून हात सरकवणार हायस?”

“तोपर्यंत अजून सराव कराल.”

“दोन वर्षं पीठच मळतोय की.”

माझा नवरा ताटात बघत जेवत होता. त्याने फक्त एवढंच विचारलं की संथ गाण्यात काही अडचण आहे का. अण्णांनी भाकरीचा तुकडा मोडायचा थांबवला आणि त्याच्याकडे पाहिलं.

“खरं पाठव,” ते मग मला म्हणाले. “दोन्ही हात मधी ठेवून.”

मी पाठवलं. सोबत चार ओळी लिहिल्या, की आधीची चूक माझी होती, हात दोन्ही शाबूत आहेत, इतिवृत्त दुरुस्त करावं. तीन दिवस उत्तर आलं नाही. त्या तीन दिवसांत मी ऑफिसात एकशे सोळा कपाटांची यादी पूर्ण केली आणि घरी अण्णांनी ढोलकीला हात लावला नाही. पीठ मात्र मळलं.

चौथ्या दिवशी सुट्टी होती. सचिव आला, एकटाच. मी चहा ठेवला. तो कपाकडे बघत बसला आणि अण्णा त्याच्याकडे.

“मामा, डावा हात उशिरा येतोय,” तो शेवटी म्हणाला.

“व्हय.”

“संथ गाण्यात चालून जातंय. पण चढ्या गाण्यात गायक पडंल.”

“पडंल.”

“मग कसं करायचं?”

“येतो तर हाय ना पण?” अण्णा म्हणाले.

सचिवाने कप उचलला, परत ठेवला. त्याला ठेका जमला नसेल, पण तो वाईट माणूस नाही. आणि लहानपणी त्याची बोटं धरून ढोलकीवर कोणी ठेवली होती हे तो विसरला नव्हता. विसरला असता तर फोनवरच नाही म्हणाला असता.

“तीन गाणी,” तो म्हणाला. “तिन्ही संथ. बाकीची ऑक्टोपॅडवर. अध्यक्षांना मी सांगतो.”

“कोणती तीन?”

त्याने खिशातून कार्यक्रमाचा कागद काढला. म्हणजे तो ठरवूनच आला होता. अण्णांनी चष्मा लावला, कागद लांब धरला, तीनही ओळींवरून बोट फिरवलं आणि तिसऱ्यावर थांबले. ओठांतल्या ओठांत ते गाणं त्यांनी शेवटपर्यंत म्हटलं. 

“हे नक्को,” ते म्हणाले. “शेवटच्या कडव्यात लय चढते. हे त्या डब्बेवाल्याला द्या. मला दोनच.”

“तीन द्यायला तयार हाय मामा मी.”

“मला जेवढी जमतेत तेवढी सांगितली. अजून एक. माझ्या दोन गाण्यांत त्यानं हात घालायचा न्हाई. माझा हात मागं राहिला, तर त्यानं मधी भरायचं न्हाई. राहू द्यायचं तसंच.”

“लोकांना कळंल मामा.”

“कळू दे.”

सचिवाने माझ्याकडे पाहिलं. मी हात पुढे करून तो कागद घेतला, तिसऱ्या गाण्यापुढचं अण्णांचं नाव खोडलं आणि खाली त्यांची अट लिहिली. त्याने सही केली. घरच्या घरी सही कशाला, असं तो म्हणाला नाही. मला ओळखतो.

जयंतीच्या संध्याकाळी विहार भरलं होतं. मी बायकांच्या बाजूला मधल्या रांगेत बसले, तिथून अण्णांचे दोन्ही हात दिसत होते. त्यांनी धुतलेला पांढरा सदरा घातला होता आणि बाही कोपरापर्यंत दुमडली होती. ऑक्टोपॅडवाला त्यांच्या शेजारीच बसला होता, तिशीचा, केसांना जेल लावलेला. त्याने अण्णांच्या पायांना हात लावला आणि मग आपल्या काठ्या पॅडवर आडव्या ठेवल्या. त्याला अट सांगितली होती.

पहिलं गाणं नीट गेलं. दुसऱ्या गाण्यात तिसऱ्या कडव्याच्या तोंडाशी चाट पडली आणि तिच्या मागून काहीच आलं नाही. ऑक्टोपॅडवाल्याने काठी उचलली. मला तिथून दिसलं, त्याच्या मनगटाने तर मारायला सुरुवातही केली होती. मग त्याने अण्णांकडे पाहिलं आणि काठी तशीच हवेत धरून थांबला. गाणारी बाई श्वास घेऊन थांबली. घुमारा आला. बाईने पुढची ओळ उचलली आणि त्याने काठी हळूच, आवाज न करता, परत खाली ठेवली.